लहान मुलांना घेऊन सिंगापूरला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की सोसायटीत, शाळेच्या गेटवर आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच ते प्रश्न फिरायला लागतात. ते इथं एकत्र केले आहेत. मूल सहा महिने ते सहा-सात वर्षांचं, निघायचं मुंबईहून आणि जायचं सिंगापूरला, असं धरून उत्तरं दिली आहेत.

पहिल्याच परदेशवारीला सिंगापूर का?

मुंबईहून थेट विमान साडेपाच तासांच्या आसपास पोहोचतं. घड्याळात फरक अडीच तासांचाच. नळाचं पाणी थेट पिता येतं, लिटल इंडिया या भारतीय वस्तीच्या भागात इडली-दहीभात सहज मिळतो आणि बाबागाडी ढकलत शहरभर फिरता येतं. लहान मूल बरोबर असताना या पाच गोष्टींपुढे बाकी सगळं दुय्यम आहे.

महाग आहे, हे मात्र खरं. हॉटेलं तर फारच. दोघंच जाणार असाल तर सिंगापूर जरा सपक वाटेल, तेव्हा बाली किंवा व्हिएतनाम बघा. पण दोन वर्षांचं मूल कडेवर असताना सपक शहरच बरं.

मूल किती वर्षांचं असताना जावं?

सहा ते दहा महिन्यांचं बाळ सगळ्यात सोपं, कारण ठेवाल तिथं राहतं. चार वर्षांपुढचं मूल सगळ्यात मजेचं. मधलं दीड ते तीन वर्षांचं वय अवघड: चालता येतं पण थांबता येत नाही, बोलता येतं पण ऐकायचं नसतं. जाऊ नका असं नाही, दिवसाचा बेत निम्मा करा.

‘त्याला काय आठवणार आहे?’ असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. नाहीच आठवणार. पण सुट्टी तुमचीही आहे.

तिकिटाचा हिशेब वेगळा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मांडीवर घेऊन नेता येतं आणि बऱ्याच विमान कंपन्या त्याचं भाडं मोठ्यांच्या दहा टक्क्यांच्या आसपास घेतात. सहलीच्या मध्येच दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला पूर्ण सीट घ्यावी लागते. केक कापायची हौस असेल तर भारतात परतून कापा, स्वस्त पडेल.

बाळाच्या पासपोर्टला काय काय लागतं?

सुरुवात जन्मदाखल्यापासून करा. आपल्याकडे नोंदणी बारशाच्या आधी होते, त्यामुळे कित्येक दाखल्यांवर बाळाचं नाव नसतंच, फक्त आईवडिलांची नावं असतात. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव आधी घालून घ्या. नोंदणीपासून वर्षाच्या आत ते विनाशुल्क होतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, त्यामुळे इथं पळवाट नाही.

नाव घालताना स्पेलिंग एकदाच काय ते ठरवा. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि तिकिटावर तिसरं असं झालं की निस्तरता निस्तरता सुट्टी संपते. मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव लावायचं की नाही, तेही तेव्हाच ठरवून टाका.

अर्जासोबत दोन्ही पालकांच्या सहीचं ‘परिशिष्ट डी’ हे घोषणापत्र लागतं. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आपणच न्यायचा असतो. तान्ह्याला पांढऱ्या चादरीवर उताणं झोपवून वरून फोटो काढतात. डोळे उघडे आणि तोंड मिटलेलं, असा क्षण अंघोळीनंतर दूध पिऊन झालं की सापडतो.

मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. मोठ्यांच्या दहा वर्षांची सवय असल्यामुळे तो संपल्याचं तिकीट काढल्यावर लक्षात येतं. सिंगापूरला पोहोचताना तो किमान सहा महिने वैध हवा.

बाळालाही व्हिसा लागतो का?

लागतो, अगदी महिन्याच्या बाळालाही. भारतीय पर्यटक सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत काढतात. सरकारी शुल्क माणशी ३० सिंगापूर डॉलर, ते परत मिळत नाही, वर एजंटचे पैसे. व्हिसा ईमेलवर येतो.

याशिवाय पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत प्रत्येकाचं एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, मुलांचंही. ते पूर्ण मोफत आहे. सर्च केल्यावर पैसे मागणाऱ्या साइट्स आधी दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. तिथं पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, किती दिवस राहता येईल ते ईमेलने कळवतात. म्हणून फॉर्ममध्ये रोज उघडता तोच ईमेल द्या.

एकटी आई किंवा एकटे बाबा मुलांना नेत असतील तर?

दुसऱ्या पालकाचं सहीचं संमतीपत्र, त्यांच्या पासपोर्टची प्रत आणि मुलाचा जन्मदाखला हाताशी ठेवा. आईने माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर दाखल्याची प्रत नेहमीच बरोबर असावी, बाबा सोबत असले तरी.

विमान रात्रीचं घ्यावं की दिवसाचं?

सगळे सांगतात रात्रीचं घ्या, मुलं झोपतात. अर्धंच खरं आहे. मुंबईहून मध्यरात्रीच्या सुमाराचं विमान घेतलं की बोर्डिंग होईपर्यंत मुलाची झोपायची वेळ टळून गेलेली असते. मग जेवणाच्या ट्रॉल्या येतात, दिवे लागतात, आणि डोळा लागतो न लागतो तोच उतरायची घोषणा होते, कारण तिकडे सकाळ झालेली असते. तुम्ही सकाळी आठला सिंगापूरच्या चांगी विमानतळावर आणि हॉटेलची खोली मिळणार दुपारी दोन-तीनला. मधले सहा तास चिडचिडलेलं मूल, बॅगा आणि हॉटेलची लॉबी.

दिवसाचं विमान सोयीच्या भावात मिळालं तर तेच घ्या. नसेल तर आदल्या रात्रीपासून खोली बुक करा. एका रात्रीचे पैसे जास्त जातात, पण पूर्ण सहलीत याहून सत्कारणी लागलेला खर्च दुसरा नसेल. बजेटमध्ये बसत नसेल तर हॉटेलला आधीच ईमेल करून लवकर खोली मागून ठेवा, कधी कधी देतात.

विमानात कान दुखतात, रडतं. काय करायचं?

त्रास विमान वर जाताना कमी आणि खाली येताना जास्त होतो, आणि खाली येणं जमिनीला टेकायच्या जवळजवळ अर्धा तास आधीच सुरू होतं. त्या वेळी काहीतरी गिळत राहिलं पाहिजे. तान्ह्याला अंगावर पाजा किंवा बाटली द्या, मोठ्याला पाण्याचे घोट आणि चोखायला खडीसाखर. म्हणजे दूध आधीच पाजून संपवू नका, त्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवा. सर्दी झालेली असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा.

हातातल्या सामानात १०० मिलीचा नियम आहे, पण बाळाचं दूध आणि प्रवासात लागेल तेवढं खाणं त्यातून सुटतं. तपासणीच्या वेळी वेगळं काढून दाखवायचं.

पाळणा म्हणजे बॅसिनेट हवा असेल तर तिकीट काढल्या काढल्या विमान कंपनीला फोन करा. ते मोजकेच असतात, वजनाची मर्यादा असते आणि विमान हलायला लागलं की बाळाला उचलून घ्यावंच लागतं. सीटचे वेगळे पैसे भरले नाहीत म्हणून मुलाला लांब बसवलं, असं होऊ नये यासाठी डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाने, २०२४ मध्ये भारतीय कंपन्यांना सांगून ठेवलं आहे: १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या निदान एका पालकाशेजारी जागा द्यायची. काउंटरवर हे शांतपणे सांगा.

खाण्याचं काय न्यावं? आणि काय अजिबात नेऊ नये?

आधी नेऊ नये ते, कारण ते फारसं कुणी सांगत नाही. खसखस. सिंगापुरात ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि परवानगीशिवाय आणता येत नाही. दुबईतही तेच. आपल्या डब्यांत ती कुठं कुठं असते बघा: दिवाळीचे अनारसे, डिंकाचे लाडू, बाळंतिणीचा खाऊ, आणि बऱ्याच घरांतला गोडा मसाला. आजीने प्रेमाने भरून दिलेली पिशवी निघण्याच्या आदल्या दिवशी एकदा उघडून बघाच. आजी रागावल्या तर रागावू देत.

आता न्यायचं ते. तान्ह्यासाठी नाचणीचं सत्त्व आणि तांदूळ-मुगाची भरड, थोड्या मोठ्यांसाठी मेतकूट. गरम भात सिंगापुरात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, त्यावर मेतकूट कालवलं की जेवणाचा प्रश्न मिटतो. खाकरे, राजगिऱ्याच्या वड्या, घरच्या शंकरपाळ्या. एवढं पुरे. आठ दिवसांचा शिधा नेऊ नका. लिटल इंडियातल्या सेरंगून रोडवर १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास हे शाकाहारी उपाहारगृह आहे, टेक्का सेंटरमध्ये डोसे आहेत, आणि मुस्तफा सेंटरमध्ये तूरडाळीपासून दह्यापर्यंत सगळं मिळतं.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे बरेच स्टॉल असतात तिथं, जरूर जेवा. स्वस्त असतं, आणि मुलांनी सांडलं तरी कुणी भुवया उंचावत नाही. शाकाहारी असाल तर ‘भाजी’ दिसणाऱ्या पदार्थातही सुक्या कोळंबीची पूड किंवा माशाचं पाणी असू शकतं, तेव्हा विचारून घ्या. तिखटाबद्दल ‘नो चिली’ एवढं सांगितलं की समजतं.

हॉटेलच्या किटलीत दूध उकळू नका. तळाशी लागतं, आणि तुमच्या आधीच्या कुणी त्यात काय उकळलं असेल हे कळायला मार्ग नाही.

वेळेचा फरक मुलांना बाधतो का?

इथं बहुतेक जण उगाच झगडतात. अडीच तासांचा फरक मोडून काढायची गरजच नाही, तो तसाच राहू द्या.

हिशेब मांडून बघा. घरी साडेनऊला झोपणारं मूल सिंगापुरात रात्री बाराला झोपेल आणि सकाळी साडेनऊला उठेल. आईबाबांना वाटतं दिवस वाया गेला. पण सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे. बाराही महिने दमट उकाडा, सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्याच सुमारास मावळतो. मुलांना बाहेर काढायची खरी वेळ संध्याकाळचीच. आणि मुलांना आवडणाऱ्या गोष्टीही संध्याकाळीच असतात: गार्डन्स बाय द बेमधला झाडांचा रोषणाईचा खेळ पावणेआठ आणि पावणेनऊला, मरीना बेवरचा पाण्याचा खेळ आठच्या पुढे, नाइट सफारी सव्वासातला उघडते. मुलाच्या पोटातल्या घड्याळात तेव्हा पावणेपाच वाजलेले असतात, दुपारची झोप काढून, खाऊन, खेळायला निघायची वेळ. तिथली स्थानिक मुलं पेंगत असतात आणि आपली टुणटुणीत.

म्हणून नाश्ता हॉटेलच्या बुकिंगमध्ये घेताना किती वाजेपर्यंत असतो ते विचारा. दहाला बंद होत असेल तर पैसे फुकट. त्याऐवजी उठल्यावर सावकाश खाली जाऊन डोसा किंवा काया टोस्ट खा. काया म्हणजे नारळाच्या दुधाचा आणि अंड्याचा गोड जॅम, मुलं चाटून पुसून खातात.

मग ग्रुप टूर घ्यावी की आपलं आपण जावं?

वरचं उत्तर वाचून लक्षात आलं असेल. ग्रुप टूरची बस सकाळी आठला सुटते. मुलाच्या घड्याळात तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. झोपेतून उचलायचं, दात घासायला लावायचे, जेवलं नाही तरी बसमध्ये कोंबायचं, आणि तीस माणसं तुमच्या पोराची शू व्हायची वाट बघत थांबलेली. आजी-आजोबांना टूर सोयीची पडते, मराठी माणसं आणि मराठी जेवण मिळतं, हे मान्य. पाच वर्षांखालचं मूल असेल तर मात्र सिंगापूर हे आपलं आपण फिरायचं शहर आहे.

पॅकेज घेतलंच तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला कर, कापतात. तो तुमच्याच नावावर भरलेला कर असतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. त्याचे दर बदलत असतात, म्हणून बुकिंग करतानाच विचारा, आणि पॅन कुणाचा दिलाय ते लिहून ठेवा.

एका दिवसात किती ठिकाणं करावीत?

एक. मोठं ठिकाण एकच, आणि त्यानंतर जमलं तर जवळचं काहीतरी फुकटचं.

प्राणीसंग्रहालय, पांडा असलेलं रिव्हर वंडर्स, नाइट सफारी आणि २०२३ मध्ये उघडलेलं बर्ड पॅराडाइज ही चारही मंडाई नावाच्या भागात, शहरापासून बरीच लांब. चारही ठिकाणांचं एकत्र तिकीट स्वस्त वाटतं, पण एका दिवसात सगळी उरकायला गेलात तर तिसऱ्या ठिकाणी मूल बाबागाडीत झोपलेलं असतं आणि तुम्ही पोपटांचे फोटो काढत असता. दोन पुरेत, तीही मध्ये विश्रांती घेऊन.

युनिव्हर्सल स्टुडिओ पाच वर्षांखालच्या मुलासाठी घाईचं आहे. बऱ्याच राइड्सना उंचीची अट असते, रांगा लांब असतात. ‘एवढ्या लांब आलोय तर’ म्हणून जाऊ नका. सेंटोसा बेटाच्या किनाऱ्यावर बादली-फावडं घेऊन बसवलं तर तेच मूल तीन तास तुमच्याकडे बघणार नाही.

फुकटात काय बघता येतं?

भरपूर. गार्डन्स बाय द बेमधली मुलांची बाग आणि तिथले पाण्याचे फवारे, सुक्या कपड्यांचा जोड बरोबर ठेवा. बोटॅनिक गार्डनमधली जेकब बल्लास मुलांची बाग, खास लहानांसाठी राखलेली. बोटॅनिक गार्डन २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. या दोन्ही मुलांच्या बागा सोमवारी बंद असतात. सरकारी वसाहतींच्या इमारतींखालची खेळाची मैदानंही सगळ्यांना खुली असतात, आणि तिथल्या घसरगुंडीवर भाषेवाचून मैत्री होते.

दिवाळीत जात असाल तर लिटल इंडियातली रोषणाई चुकवू नका. तिथं दीपावलीची सार्वजनिक सुट्टी असते.

बाबागाडी न्यावी का? टॅक्सी, मेट्रोचं कसं?

न्या, घडी होणारी हलकी. चार वर्षांचं ‘मोठं’ मूलही संध्याकाळी तीत बसतं. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे आणि बसमध्ये उघडी बाबागाडी चालते. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मोठ्यांसोबत मोफत जातं. तिकिटासाठी परदेशी चालणारं काँटॅक्टलेस कार्ड टेकवलं की झालं, फक्त प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं कार्ड हवं. आईबाबांनी एकच कार्ड दोनदा टेकवायचा प्रयत्न केला की गेट अडकतं आणि मागे रांग लागते.

गाडीचा नियम नीट समजून घ्या. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला कारमध्ये चाइल्ड सीट सक्तीची आहे. रस्त्यावर हात करून थांबवायच्या टॅक्सीला यातून सूट आहे, अॅपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही. ग्रॅब या गाडी मागवायच्या अॅपवर मुलांच्या सीटचा वेगळा पर्याय असतो, तो निवडा नाहीतर अॅपमध्ये साधी टॅक्सी मागवा. चालकाने नेलं नाही तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, दंड त्यालाही होतो.

मुलगा आजारी पडला तर?

नेहमीचं तापाचं सिरप घरूनच न्या. पॅरासिटामॉलच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या असतात, पाच मिलीत १२० मिलिग्रॅम किंवा २५०ही, आणि डोस मुलाच्या वजनावर ठरतो. ‘पाच मिली देतो’ हे लक्षात ठेवून तिथली बाटली आणली तर डोस दुप्पट होऊ शकतो. निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून औषधांची मूळ नावं, डोस आणि मुलाचं वजन असं सगळं एका कागदावर लिहून घ्या. ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर आणि डासांचं मलम हवंच, कारण डेंगी सिंगापुरातही आहे.

रुग्णवाहिकेसाठी ९९५. केके विमेन्स अँड चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये मुलांचा तातडीचा विभाग चोवीस तास चालू असतो आणि तो लिटल इंडियापासून जवळ आहे. परदेशी रुग्णाचं बिल मोठं होतं, म्हणून प्रवासविमा मुलांच्या नावानेही घ्या.

आजी-आजोबांना बरोबर न्यावं का?

न्यावं, पण फुकटची दाई म्हणून नाही. त्यांनाही एक संध्याकाळ स्वतःची द्या. खोल्या शेजारशेजारच्या मागा. घरगुती भाड्याची जागा शोधू नका, सिंगापुरात खासगी घर तीन महिन्यांहून कमी काळासाठी भाड्याने देणं बेकायदा आहे. सगळ्यांनी एकत्रच राहायचं असेल तर सर्व्हिस अपार्टमेंट बघा, स्वयंपाकघर मिळतं आणि आजींना चहा हवा तसा करता येतो.

नियम फार कडक आहेत म्हणे?

मुलांशी संबंधित दोनच. च्युइंगगम देशात आणायचं नाही, आणि एमआरटीत खायचं-प्यायचं नाही, ५०० डॉलरपर्यंत दंड आहे. डब्यात बिस्किटाचा पुडा फोडू नका, स्टेशनात शिरण्याआधीच पोट भरून घ्या.

परतीच्या दिवशी काय करावं?

विमान रात्रीचं असेल तर बॅगा घेऊन दुपारीच चांगीला जा. विमानतळाला लागून असलेलं ज्वेल हे मॉल २०१९ मध्ये सुरू झालं. आत ४० मीटर उंचीचा धबधबा आहे आणि तो बघायला पैसे पडत नाहीत. ज्वेल इमिग्रेशनच्या अलीकडे आहे, एकदा आत गेलात की परत येता येत नाही, म्हणून आधी ते बघा. बॅगा ठेवायची सोय तिथंच आहे. मुलांचे रात्रीचे कपडे हातातल्या पिशवीत वर ठेवा आणि बोर्डिंगच्या आधी विमानतळावरच बदला.